दुसरा कुकारा

आमच्या आजोळी जायला आता तिकीट काढावं लागतं.

फाटकावर वनखात्याची एक खोली आहे. तिथे नाव-गाव सांगायचं, पिशव्या उघडून दाखवायच्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून घ्यायच्या आणि परत येताना तितक्याच दाखवायच्या. सोबत एक वाटाड्या देतात. आमच्या वाट्याला आलेला माणूस पन्नाशीचा, खाकी सदऱ्यातला, बाबूराव नावाचा. त्याने आम्हा बायकांकडे पायातल्या बुटांपासून डोक्यावरच्या टोप्यांपर्यंत नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "चढ हाय बरं का. मागनं मला बोल लावू नका."

आम्ही सगळ्या सांगलीच्या. सकाळी कृष्णेच्या घाटावर फिरतो आणि त्या फिरण्यापेक्षा जास्त बोलतो. कुणाचे गुडघे, कुणाची साखर, कुणाची सून. त्यातून कधीतरी ठरलं की या हिवाळ्यात चांदोलीच्या जंगलात एक दिवस चालून यायचं. वर कड्यावर म्हणे फार छान जागा आहे, सगळं कोकण दिसतं. मैत्रिणींनी ते मला सांगितलं. मला! मी हसले आणि वर्गणी काढून दिली.

या जंगलाला आता राष्ट्रीय उद्यान म्हणतात. माझ्या लहानपणी त्याला आमच्या घरी नुसतं 'वर' म्हणत. आई वर गेलीय. वरनं मध आलाय. आमचं घर खाली, वाळव्याच्या उसाच्या पट्ट्यात. काळी जमीन, पाटाचं पाणी, गुऱ्हाळाचा धूर. आणि आईचं माहेर वर, पाटणच्या अंगाला, नदीच्या खोऱ्यात वसलेलं आसनवली. एसटीने जायचं तिथवर जायचं आणि मग चालायचं. मामा बैलगाडी घेऊन आला तर तो दिवस सणाचा.

वर्षातून एकदा, मार्गशीर्षातल्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसासाठी आई माहेरी जायची म्हणजे जायचीच. दिवाळी चुकली तरी तिला चालायचं. दादा, म्हणजे माझे वडील, तिची थट्टा करायचे. म्हणायचे, "तुझ्या आईला देवधर्म नको, नुसतं वरडायला मिळालं की झालं." आई पदर खोचत उत्तर द्यायची, "आवं, तुमच्या घरात वरडायला मिळतंय कुठं? वर्साचं सगळं साठवून ठेवते."

तो दिवस कुकाऱ्याचा.

आसनवलीच्या बऱ्याच लेकी खाली कोकणात दिलेल्या. वरच्यांना खालचं मीठ लागायचं, खालच्यांना वरची नाचणी, आणि त्या येण्याजाण्यातून सोयरिकी जुळत. पण कड्यामधल्या अरुंद घळीची, नाळेची वाट इतकी उभी, की कडेवर पोर असलेल्या बाईने तिथून माहेरी यायचं म्हणजे जिवावरचं काम. मग कुणी केव्हा ठरवलं कोण जाणे, पण त्या एका दिवशी वरची माणसं कड्याच्या काठावर जमायची आणि खालची माणसं अर्धा डोंगर चढून एका सोंडेवर यायची. दोहोंच्या मधे नुसती हवा. वरून कुकारा, म्हणजे घुमणारी लांब हाक, घालायचा, खालून ओ यायची. लेक जिवंत आहे, सुखी आहे, एवढं त्यातून कळायचं. बाप्ये लोक गाठोडी घेऊन नाळेत निम्म्या वाटेवर भेटायचे आणि देवघेव करून परत फिरायचे. बायका मात्र काठावरच.

माझी मालनमावशी तिथे खाली दिलेली. आईची धाकटी, पाठची बहीण. मला तिचा चेहरा नीट आठवत नाही. एकदाच ती गौरीला माहेरी आली होती तेव्हा आम्ही दोघी एका घोंगडीत झोपलो होतो, आणि अंधारात ती आईला सांगत होती, "अक्के, हितं नदी दारात. आमचं पानी लय लांब. घागर घिऊन गेलं की दिस कलतो." त्यात तक्रार नव्हती, हसतच सांगत होती. एरवी माझ्यासाठी मालनमावशी म्हणजे एक आवाज आणि सोंडेवरचा एक तांबडा ठिपका. आई तो ठिपका बघून सांगायची, "त्ये बघ, मी दिलेलं लुगडं नेसलीया." एवढ्या लांबून लुगडं ओळखणारी आई घरात सुईत दोरा ओवायला मात्र मला हाक मारायची.

आता चढताना ती पहाट परत आठवत होती. आम्ही अंधारातच निघायचो. पुढे मामा, हातात काठी. मागे गावातल्या बायका, टोपल्या, पोरं. थंडीने नाक लाल झालेलं. वाटेत रानतुळशीला पाय लागला की तिचा वास अख्ख्या रांगेला पुरायचा. कारवीच्या काठ्या चालताना अंगावर कटकट वाजायच्या. मधेच सगळ्यांनी एकदम गप्प व्हायचं, कारण पुढे गवे पाणी पीत असायचे, आणि ते आपल्या सावकाशीने निघून जाईपर्यंत कुणी शिंकायचंही नाही. मग झाडं संपायची आणि सडा लागायचा. उघडा, काळा, खरबरीत कातळ, त्यावर वाळलेलं सोनेरी गवत, आणि इतकं आभाळ की माझ्यासारख्या उसात वाढलेल्या पोरीला उघडं पडल्यासारखं वाटे. उसात आभाळ अगदी बेताचं असतं.

आईच्या टोपलीत नाचणीच्या भाकरी, मधाची बाटली, तुपाचा गडू आणि आमच्या गुऱ्हाळावरची गुळाची ढेप. ढेप मावशीच्या पोरांसाठी. खालून जे गाठोडं यायचं त्यात मीठ, आमसुलं आणि सुकट. ते गाठोडं घरी नेईपर्यंत मी त्याला नाक लावून चालायची. समुद्र मी फार पुढे पाहिला. वासाने तो मला आधीच ओळखीचा होता.

आणि कुकारा. प्रत्येक घराचा वेगळा. आमच्या आजोळचा दोन लांब आणि शेवटी एक तुटका, पाखराने मधेच मान वळवावी तसा. आई काठावरच्या एका ठरलेल्या दगडावर उभी राहायची, दोन्ही हात तोंडाशी धरायची, आणि तिच्या त्या एवढ्याशा देहातून असा आवाज निघायचा की मला तिची भीतीच वाटायची. हीच का ती, सासरी मोठ्या माणसांसमोर कुजबुजत बोलणारी? घरी तर तिला कधी खोकताना ऐकलं नव्हतं मी.

पहिल्या वर्षी मी फसले होते. आईने कुकारा घातला आणि लगेच समोरून तसाच कुकारा आला. मी उड्या मारायला लागले, "मावशीनं ओ दिली! मावशीनं ओ दिली!" सगळ्या बायका हसून लोटपोट. शेजारची एक म्हातारी मला जवळ ओढून म्हणाली, "आगं बाय माजे, त्यो कडा. कडा नालावानी वळलाय न्हवं का, त्यो कुनालाबी ओ देतो. मानूस येळ लावतं. थांब, दुसरा यिऊ दे."

मग आम्ही थांबलो. खालच्या दरीत धुकं ताकासारखं घुसळत होतं. आईचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो किती घट्ट होता हे मला आजही सांगता येईल. आणि मग, फार खालून, फार बारीक, दोन लांब आणि एक तुटका. आईने श्वास सोडला. तिचा हात सैल झाला, आणि ती खाली बसून भाकरी सोडायला लागली, जसं काही झालंच नाही.

पहिला कुकारा कड्याचा, दुसरा माणसाचा. आसनवलीच्या पोरांना हे अंकाआधी शिकवत.

कधी कधी दुसरा येत नसे. त्या वेळी काय बोलायचं हेही ठरलेलं होतं. अभद्र काही तोंडातून काढायचं नाही. जिच्या लेकीची ओ येणार नाही तिच्याभोवती बाकीच्या बसायच्या आणि म्हणायच्या, "पान्याला गेली असंल." एवढंच. मग तीही मान हलवायची, "व्हय, पान्याला गेली असंल," आणि उन्हं उतरेपर्यंत त्या काठावरून हलायची नाही. तिला एकटीला कुणी सोडायचं नाही. सगळा गाव तिच्या लेकीचं पाणी भरून व्हायची वाट बघत बसायचा.

"त्ये बघा धरण," बाबूराव म्हणाला.

सड्याच्या पहिल्या वळणावर आम्ही मागे पाहिलं. खोरं भरून निळं पाणी, त्यात डोंगरांच्या सावल्या, काठाने गर्द झाडी. "अगंबाई, किती सुंदर!" माझी मैत्रीण म्हणाली आणि तिने फोन बाहेर काढला. सुंदर होतंच. त्या पाण्याखाली कुठेतरी माझ्या मामाचा ओटा आहे, हे मी तिला सांगितलं नाही. तिचा फोटो उगाच बिघडला असता.

धरणाची बोलणी माझ्या लहानपणापासून चालली होती. मोजणी करणारे यायचे, खुणा करून जायचे, मामा त्यांना ताक द्यायचा. शेवटच्या वर्षी कड्यावर गेलो तेव्हाही मामा म्हणाला होता, "आवं, सरकारचं काम. आपली नातवंडं म्हातारी व्हतील तवर." म्हणून कुणी खाली काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, आणि कुकाऱ्यात ते सांगायचं कसं? पण पुढचा हिवाळा यायच्या आत आसनवली उठली. कुणी या वसाहतीत, कुणी त्या वसाहतीत. मामा आमच्यापासून जवळच राहायला आला आणि नव्या पत्र्याच्या घरात रात्रंदिवस नदीचा आवाज ऐकू येत नाही म्हणून त्याला झोप लागेना. मालनकडे कुणाकरवी तरी निरोप धाडला म्हणाला. पोचला की वाटेत राहिला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्या मार्गशीर्षात आई म्हणाली, "गाव न्हाई तर न्हाई, कडा हाय का न्हाई? मी जानार." टोपली भरून ठेवली. ढेप फडक्यात बांधली. आणि आदल्या संध्याकाळी कारखान्याची तोड आली.

ज्याच्या घरी ऊस आहे त्याला तोड म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आपली पाळी येते, टोळी फडात उतरते, गाड्या उभ्या राहतात, आणि त्या दिवशी घरातलं माणूसन् माणूस रानात लागतं. पाळी चुकली की ऊस उभ्याने वाळतो. दादांनी आईला नको म्हटलं नाही. ते नुसते दारात उभे राहिले. आईने टोपलीतल्या भाकरी काढल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या टोळीबरोबर फडात नेल्या.

मी त्या दिवशी शाळेला न जाता आईबरोबर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करत होते. कोयत्यांचा सपसप आवाज, पाचोळ्याची खाज, उसाचा ओला गोड वास. ऊन चढलं, कड्यावर धुकं फाटायची वेळ झाली, आणि आई वाकलेली होती ती सरळ झाली. तिने हातातलं वाढं खाली टाकलं. मावळतीकडे तोंड केलं. दोन्ही हात तोंडाशी नेले.

आजूबाजूला टोळीतले गडी होते, चुलते होते, बांधावर दादा होते. सासरच्या रानात सुनेने कुकारा घालायचा? आईने हात खाली घेतले, पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा वाकली. मला वाटतं ते माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही.

उन्हाळ्यात मावशी तापाने गेल्याची बातमी आली. आई आणि मामा लांबून, रस्त्याने वळसा घालून, दहाव्याला गेले. तिथे मावशीच्या नवऱ्याने आईला सांगितलं. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी मालन सोंडेवर गेली होती. निरोप पोचलाच नव्हता. वर कुणी दिसेना तेव्हा हिनेच खालून कुकारा घातला. एकदा, दोनदा, पुष्कळदा. कडा तेवढा ओ देत होता. बाकीच्या म्हणाल्या, चल. ही उठेना. उन्हं उतरल्यावर घरी आली आणि नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाली, "अक्का पान्याला गेली असंल."

आईने हे मला घरी येऊन सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. रडली नाही. त्यानंतर कुकाऱ्याचं नाव तिने काढलं नाही. वर्षं गेली, दादा गेले, मामा गेला, ऊस भावांच्या वाटणीत गेला, मी सांगलीला आले आणि आई माझ्याकडे आली. आता तिला ऐकू कमी येतं. टीव्ही मोठ्याने लावते आणि आम्हालाच विचारते, एवढा गोंगाट कसला.

या सहलीचं मी तिला सहज सांगितलं होतं. ती टीव्हीच बघत राहिली. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. रात्री अंथरुणावर पडताना म्हणाली, "मालनचा कुकारा तसाच पडलाय. ओ दिऊन यी."

कड्यावर आता लोखंडी कठडा आहे आणि पाटी आहे: कोकण दर्शन. तिच्याखाली दुसरी पाटी: शांतता राखा. मैत्रिणी सावलीला बसून डबे उघडत होत्या. मी कठड्याशी गेले. समोर तोच नालासारखा वळलेला कडा. खाली तीच सोंड, आता झाडीने झाकलेली. आईचा दगड कठड्याच्या पलीकडे राहिला होता. त्याला हात पोचत नव्हता.

बाबूराव शेजारी येऊन उभा राहिला. मी त्याला विचारलं, एक हाक मारली तर चालेल का.

"आवं ताई, न्हाई. जनावरं बिचकत्यात. ल्हान पोरांनाबी आमी वरडू देत न्हाई."

बरोबरच होतं त्याचं. मी मान हलवली. मग न राहवून त्याला सगळं सांगून टाकलं. आसनवली, कुकारा, मावशी. फडातल्या त्या हातांचंसुद्धा सांगितलं, जे मी आईलाही कधी बोलून दाखवलं नव्हतं. तो कठड्यावर हात ठेवून ऐकत राहिला. मग त्याने मागे डबे खाणाऱ्या बायकांकडे बघितलं, खाली दरीत बघितलं, सदऱ्याचं बटन उगाच लावलं-काढलं.

"कुकारा म्हंजी वरडणं न्हवं," तो म्हणाला. "पर एकच. आन लय लांबवू नका."

आणि तो पाठ करून उभा राहिला.

मी हात तोंडाशी धरले. भीती वाटत होती, खरंच. इतकी वर्षं दारं लावून राहिल्यावर माणसाचा आवाजही दार लावलेला होतो. पण तो आला. कुठून आला माहीत नाही, माझा नव्हताच तो, आईचा होता. दोन लांब आणि शेवटी एक तुटका. मागे डब्यांचा आवाज थांबला.

कड्याने लगेच ओ दिली. किती स्वच्छ, किती तत्पर. मग मी थांबले. खाली कोकणात ऊन पडलं होतं, कुठल्याशा पत्र्याचं छप्पर चमकत होतं, एक ससाणा खालच्या हवेत फिरत होता. मला सगळं ठाऊक होतं. तरीही मी श्वास धरून उभी होते आणि खांद्यावर आईचा हात घट्ट होता. मैत्रिणींपैकी कुणी हाक मारली नाही. बाबूरावानेही चला म्हटलं नाही. उन्हाची तिरीप कठड्यावरून माझ्या पायांवर आली, तेव्हा मी वळले.

घरी पोचेस्तोवर दिवेलागण झाली होती. आई गॅलरीत खुर्चीवर बसली होती. बूट काढायचे सोडून मी तिच्याजवळ गेले.

"घातलास?"

"घातला," मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले.

"किती आलं?"

दोन म्हणणं सोपं होतं. वाटेत गाडीत तेच म्हणायचं ठरवलं होतं. पण तिचे डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले होते, आणि कड्यावरचं खोटं बोलायची आमच्यात रीत नाही.

"एकच, आई."

आईने मान हलवली. माझ्या हाताला लागलेलं गवताचं एक कुसळ तिने चिमटीत धरून काढलं, नीट बघितलं आणि गॅलरीतून खाली सोडलं.

"पान्याला गेली असंल," ती म्हणाली. मग बराच वेळ मावळतीकडे बघत राहिली. "लय लांबचं हाय गं तिचं पानी."